ग्राइंडर उचलण्याआधी : घरी बांधलेल्या किट कारची बॉडी जुळवताना

चॅसी तयार आहे, इंजिन सुरू होतं, ब्रेक लागतात. चार माणसं बोलावून फायबरची बॉडी वरून उतरवली जाते आणि मग खरं चित्र समोर येतं. डावा दरवाजा मागच्या टोकाला झुकलाय, बॉनेटचा उजवा कोपरा चार-पाच मिलिमीटर वर उठलाय, डिकीच्या एका बाजूच्या फटीत बोट जातं तर दुसऱ्या बाजूला पोस्टकार्डही शिरत नाही. ‘साचाच वाकडा आहे’ असं म्हणून ग्राइंडर उचलण्याचा मोह नेमका याच वेळी होतो. तो आवरा. फट दरवाजाशी बिघडलेली दिसते, पण कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं : चॅसीखालच्या स्टँडमध्ये, बॉडीखालच्या रबरात किंवा बिजागरीमागच्या पॅकिंगमध्ये. दोष पॅनेलमध्ये समजून कड घासली आणि आठवड्यानं चॅसी चाकांवर उतरली की ती चांगली कड आता उणी पडते. मग पुट्टी भरत बसावं लागतं.

सुतार दार बसवतो तेव्हा आधी चौकट ओळंब्यात आणि गुण्यात आहे का ते बघतो, मगच दाराच्या कडेला रंधा लावतो. इथेही तसंच आहे. जे हलणार नाही ते आधी पक्कं करायचं, जे हलतं ते त्याच्याशी जुळवायचं, आणि कापणं-भरणं सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर घरच्या गॅरेजमध्ये, साध्या हत्यारांनी, फार चांगलं काम होतं. क्रम मोडला तर महागडी हत्यारंही उपयोगाला येत नाहीत.

बोलायला एक ठरावीक गाडी समोर असलेली बरी, म्हणून मी कोब्रा घेतो. १९६२ मध्ये अमेरिकन रेसर कॅरल शेल्बीनं इंग्लंडमधल्या एसी कंपनीच्या ‘एस’ या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्मली. लंडनजवळच्या टेम्स डिटन इथल्या कारखान्यात तिची ॲल्युमिनियमची बॉडी कारागीर हातानं घडवत. १९६५ मध्ये फुगीर मडगार्डची, ४२७ घन इंची इंजिनाची कोब्रा आली, आणि आज बहुतेक प्रतिकृती तिच्याच असतात. मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅम गावात १९९५ पासून असलेली ‘फॅक्टरी फाइव्ह रेसिंग’ ही कंपनी अशा प्रतिकृतीचं किट विकते. स्टीलच्या नळ्यांची चॅसी, फायबरग्लासची अखंड बॉडी, आणि वेगळे दरवाजे, बॉनेट व डिकी. मिशिगन, ओहायो, न्यू जर्सी या भागांत राहणाऱ्या, घराला दोन गाड्यांचं गॅरेज असलेल्या आपल्या मंडळींपैकी कोणी हा उद्योग मनात घेतला असेल, तर हा लेख आधी त्यांच्यासाठी आहे. इंग्लंडमधले वाचक बहुधा केटरहॅमकडे वळतील. कॉलिन चॅपमनच्या १९५७ च्या लोटस सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅमकडे आले आणि ती गाडी आजही किटच्या रूपात मिळते. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकानं दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. घरी बांधलेल्या गाडीला रस्त्यावर आणण्याची इंग्लंड-अमेरिकेसारखी वाट आपल्याकडे नाही. पण जुन्या जीपला नवा टब बसवणारे, पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर पुन्हा उभी करणारे, कॉलेजच्या रेसिंग टीमसाठी फायबरची बॉडी काढणारे विद्यार्थी, या सगळ्यांना पुढचं बरंचसं जसंच्या तसं लागू पडतं. पत्रा असो वा फायबर, फटीचं गणित तेच असतं.

आधी जमीन, मग चॅसी

गाडी स्वतःच्या चाकांवर, सपाट जमिनीवर उभी हवी. टायरमध्ये नेहमीची हवा. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, बॅटरी जागेवर. पेट्रोलची टाकी रिकामी असेल तर तिच्या जागी तेवढं वजन ठेवा, चालकाच्या जागी वाळूची पोती ठेवा. गाडी दोन-चार वेळा पुढे-मागे ढकला म्हणजे सस्पेन्शन आपल्या उंचीवर बसेल. नळ्यांची चॅसी कितीही मजबूत असली तरी चार स्टँडपैकी एक दोन मिलिमीटर उंच असला की तिला बारीकसा पीळ बसतो. डोळ्याला तो दिसत नाही, दरवाजाच्या फटीत मात्र लगेच उमटतो. म्हणून चॅसीच्या दोन्ही लांब नळ्यांवर पुढे आणि मागे आडवी पट्टी ठेवून तिच्यावर पाणसळ लावा. दोन्ही ठिकाणचं वाचन सारखं हवं. गॅरेजची जमीन उताराची असेल तर काही बिघडत नाही, पुढच्या आणि मागच्या वाचनात फरक नसला म्हणजे झालं.

बॉडी चॅसीवरून उतरवून महिनोन्महिने बाजूला ठेवावी लागते, कारण मधल्या काळात यांत्रिक काम चालू असतं. त्या काळात ती कशी ठेवली यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे. छताला दोन दोऱ्यांनी लटकवलेली किंवा नुसत्या दोन टोकांवर टेकवलेली बॉडी उन्हाळ्याच्या गरमीत हळूहळू झोळ घेते. लाकडाचा साधा सांगाडा करा आणि चॅसी जिथे जिथे बॉडीला आधार देते तिथेच त्याचाही आधार येईल असं बघा. दरवाजांच्या जागेत, दोन्ही बाजूंना, आडवी पट्टी ठोकून ठेवली तर ती तोंडं फाकत नाहीत.

रेझिनबद्दलही इथेच सांगतो. साच्यातून निघालेलं फायबरग्लास हाताला कडक लागतं, पण रेझिन पुढे कित्येक आठवडे पिकत असतं आणि पिकताना किंचित आकसतं. घाईनं रंगवलेल्या गाडीवर वर्षभरात आतल्या काचेच्या विणीची जाळी उमटते, ती यामुळेच. त्यावरचा उपाय सोपा आहे : सगळी पॅनेलं जागेवर, बंद स्थितीत लावून गाडी उन्हात उभी करा. एक दिवस नाही, जमेल तितके दिवस. उष्णतेनं रेझिन पिकतं, आणि पॅनेलं जुळलेल्या स्थितीत असल्यामुळे त्याच आकारात पिकतं. सुटा दरवाजा भिंतीला टेकवून उन्हात ठेवणं मात्र टाळा, तो टेकलेल्या आकारातच पिकेल.

बॉडी बसवणं

चॅसीच्या ज्या कडांवर बॉडी टेकते त्यांच्यावर पोकळ रबराची पट्टी बसते. डॅशबोर्डपुढचा पडदा, बाजूच्या ॲल्युमिनियम पत्र्यांची वरची धार, डिकीचा घेर. पाणी, धूळ आणि खडखडाट थांबवणं हे तिचं काम, पण तीच पट्टी बॉडी वर उचलूही शकते. पत्र्याची धार एखाद्या ठिकाणी पाच मिलिमीटर जास्त उंच असेल तर रबर तिथे पूर्ण दबून टणक होतं आणि बॉडी त्या जागी फुगते. बॉनेटचा मागचा कोपरा वर दिसण्याचं हे नेहमीचं कारण आहे. तपासायला रबराऐवजी मातीचे (लहान मुलं खेळतात ती मॉडेलिंग क्ले चालते) गोळे धारेवर ठेवून बॉडी उतरवा, परत उचला आणि चपटे झालेले गोळे मोजा. कुठे किती जागा आहे ते कळतं. जास्त झालेली पत्र्याची धार कापायची. बॉडीला हात लावायचा नाही.

मग बॉडी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कुठे असावी ते ठरवायचं. याचा निकाल चाकं देतात. चाकाचा मध्य मडगार्डच्या कमानीच्या मध्यावर आला पाहिजे, आणि टायरच्या बाहेरच्या भिंतीपासून कमानीच्या ओठापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं हवं. कमानीच्या सर्वात उंच बिंदूवरून ओळंबा सोडा आणि तो चाकाच्या मध्याला किती चुकतो ते चारही ठिकाणी लिहून ठेवा. चारही आकडे शून्य येणार नाहीत. कुठल्याही प्रतिकृतीची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. मूळ कोब्राच हातानं ठोकून घडवलेल्या होत्या, त्यांच्याही दोन बाजूंत फरक असायचा. चुकीचे आकडे चारही चाकांत वाटून टाकायचे, म्हणजे एकाही ठिकाणी ते डोळ्याला खुपणार नाहीत. पुढची चाकं बाजूनं आधी दिसतात म्हणून शंका आली तर मी पुढच्यांना झुकतं माप देतो.

जागा ठरली की बॉडी पुढे आणि मागे बम्परच्या आधारांना, आणि दरवाजाखालच्या पट्टीत चॅसीच्या कानांना धरली जाते. इथले स्क्रू हाताच्या जोरानेच आवळा. चॅसीचा कान आणि फायबर यांच्यात अंतर असेल तर ते वायसर किंवा पॅकिंगनं भरा. स्क्रू आवळून अंतर मिटवायला गेलात तर फायबर आत ओढलं जातं आणि दरवाजाची खालची फट गेलीच म्हणून समजा. फायबर नेहमी मोकळ्या स्थितीत उभं राहिलं पाहिजे. ओढूनताणून धरलेल्या फायबरला भोकापासून तडे जातात. आज नाही, खड्ड्यांवरून दोन वर्षं गाडी चालल्यावर.

दरवाजे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कोब्राचा दरवाजा लहान आहे, पण तो पुढच्या मडगार्डला, मागच्या मडगार्डला आणि खालच्या पट्टीला एकाच वेळी भिडतो, आणि गाडीच्या बाजूनं जाणारी लांब रेषा त्याच्यावरूनच जाते. तो जुळला की गाडी जुळल्यासारखी दिसते.

फट किती ठेवायची? आजच्या कारखान्यात निघालेल्या गाड्यांच्या तीन-साडेतीन मिलिमीटरच्या फटी बघून तसं करायला जाऊ नका. फायबर ऊन-थंडीत हलतं, चॅसी वळणावर किंचित लवते. रंगाआधी पाच मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या कारागिरांच्या मापात दीड सूत, हे चांगलं लक्ष्य आहे. प्राइमर, रंग आणि क्लिअर कोट यांचे थर दोन्ही कडांवर चढल्यावर त्यातलं अर्धा-पाऊण मिलिमीटर जातं. मोजायला खास गेज विकत घ्यायची गरज नाही. पाच मिलिमीटर ड्रिल बिटचा गुळगुळीत भाग किंवा फरशी बसवताना वापरतात ते पाच मिलिमीटरचे प्लॅस्टिक स्पेसर पुरतात. स्पेसर तर जास्त सोयीचे, कारण ते फटीत खोचून ठेवून दोन्ही हात मोकळे राहतात.

लॉक काढून ठेवा. दरवाजाच्या आतला रबर सील मात्र लावूनच काम करा. बरेच जण हे उलट करतात. सीलशिवाय सुरेख जुळलेला दरवाजा सील लावल्यावर दोन-तीन मिलिमीटर बाहेर येतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. सील फार टणक असेल तर मऊ सील शोधा. टणक सीलवर दरवाजा दाबून बंद करणं हा त्याच्यावर कायमचा ताण आहे, फायबर तो फार काळ सोसत नाही.

आता बिजागरी. आधी उंची, मग पुढे-मागे, मग आत-बाहेर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर बदलानंतर चारही कडांची फट दरवाजावर चिकटवलेल्या मास्किंग टेपवर लिहा. दरवाजा मागे झुकलेला असेल, म्हणजे पुढच्या कडेची फट वर मोठी आणि खाली बारीक असेल आणि मागचं टोक खाली आलं असेल, तर खालच्या बिजागरीमागे पॅकिंग घाला. दरवाजाचा खालचा भाग मागे सरकतो आणि मागचं टोक वर उचललं जातं. किती उचललं जाईल याचा हिशेब करता येतो. समजा दोन बिजागऱ्यांत २५० मिलिमीटरचं अंतर आहे आणि बिजागरीपासून दरवाजाचं मागचं टोक ७५० मिलिमीटरवर आहे. मग एक मिलिमीटरचं पॅकिंग मागचं टोक तीन मिलिमीटर उचलतं. म्हणून अर्ध्या मिलिमीटरची पातळ पॅकिंग जवळ असू द्या. जाड वायसरनं नेहमीच गरजेपेक्षा जास्त फरक पडतो आणि माणूस उगाच गोंधळतो.

फट जमली तरी पातळी उरते. दरवाजाचा पृष्ठभाग आजूबाजूच्या मडगार्डशी एका लाइनीत हवा. बोटाची टोकं हलकेच कडेवरून फिरवा, अर्ध्या मिलिमीटरची पायरीही बोटाला कळते. अगदी सपाट जमत नसेल तर कुठल्या बाजूला सूट द्यायची याचा एक नियम आहे : वाऱ्याच्या दिशेनं पुढचं पॅनेल किंचित वर, मागचं किंचित आत. म्हणजे दरवाजाची पुढची कड मडगार्डपेक्षा अर्धा मिलिमीटर आत चालेल, बाहेर चालणार नाही. बाहेर आलेली पुढची कड वाऱ्यात आवाज करते आणि दरवाजा उघडताना मडगार्डला घासते.

कधी कधी मागच्या कडेचं वरचं टोक बाहेर आणि खालचं आत असं असतं. हा पीळ आहे. बिजागरीत तो काही अंशी काढता येतो : एक बिजागरी आत, दुसरी बाहेर सरकवून. त्यापुढचा पीळ काढायला दरवाजा बंद स्थितीत, बाहेर आलेल्या टोकाखाली काही न ठेवता आणि आत गेलेल्या टोकामागे लाकडी फाचर मारून, गाडी दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. न पिकलेलं फायबर बऱ्यापैकी ऐकतं. हीट गनचा सल्ला देणारे भेटतील. वापरायची तर लांबून आणि हात टेकवता येईल इतपतच उष्णता द्या. एका जागी धरली तर जेलकोट फुगतो.

हे सगळं झाल्यावरच लॉक आणि स्ट्रायकर. स्ट्रायकरचं काम दरवाजा धरण्याचं आहे, उचलण्याचं किंवा ओढून जागेवर आणण्याचं नाही. दरवाजा बंद होताना मागचं टोक स्ट्रायकरवर चढून वर जातंय का ते शांतपणे, हळूहळू बंद करत बघा. चढत असेल तर स्ट्रायकर खाली घ्या. बिजागरीतली चूक स्ट्रायकरनं झाकलेला दरवाजा गॅरेजमध्ये उत्तम दिसतो आणि रस्त्यावर महिन्याभरात बिघडतो.

बॉनेट आणि डिकी

बॉनेट आधी बिजागरीशिवाय बसवा. चौफेर पाच मिलिमीटरचे स्पेसर, खाली फोमचे तुकडे, आणि बॉनेट नुसतं ठेवून द्यायचं. असं मोकळं ठेवलेलं बॉनेट कुठे टेकतं, कुठे उठतं, ते बघा. त्याच्या बाकात आणि बॉडीच्या बाकात फरक असेल तर इथे कळतो. फोमची जाडी कमी-जास्त करून ते पातळीत आणा, टेपनं बॉडीला पक्कं चिकटवा, आणि मग खालून, इंजिनाच्या बाजूनं, बिजागऱ्या बॉनेटशी जुळवून घ्या. बिजागऱ्या आधी लावून त्यांच्या मागे बॉनेट फिरवत बसणारे दमून जातात. कोब्राच्या बॉनेटची मागची कड मध्यभागी खचते आणि कोपरे उठतात. कोपऱ्यांखाली फिरवून उंची बदलता येणारे रबरी ठोकळे लावले आणि लॅचनी फक्त हलका दाब दिला तर ते आवरतं. लॅच आवळून कोपरे खाली खेचू नका. बॉनेटवर भार पडून हवेच्या खोक्याजवळ बारीक चिरा पडतात, आणि त्या नेमक्या रंगावर उमटतात.

डिकीबद्दल फारसं वेगळं काही नाही, तीच पद्धत. एवढंच की तिचा सील बॉनेटपेक्षा जाड असतो, तो आधी लावा.

आता घासायचं

इतकं केल्यावर ज्या ठिकाणी फट अजूनही चुकते ती खरी चूक, आणि तिथेच हत्यार चालवायचं. कापण्याआधी तीन मिलिमीटर रुंदीची बारीक टेप कडेच्या बाजूनं, जिथे कड असायला हवी तिथे चिकटवा आणि दहा फूट मागे जाऊन बघा. रेषा वाहती दिसली पाहिजे. बऱ्याचदा लक्षात येतं की फट बारीक वाटत होती तिथली कड बरोबर आहे आणि समोरची कडच पोटात गेलेली आहे.

हात लावण्याआधी सगळी बॉडी मेण-ग्रीस काढणाऱ्या द्रावणानं दोनदा पुसा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं मेण पृष्ठभागावर असतं. न पुसता घासलंत तर पॉलिश पेपर ते ओरखड्यांत दाबून बसवतो आणि रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. साच्याच्या तुकड्यांचे सांधे बॉडीवर उंचवट्याच्या रेषांसारखे दिसतात. त्या नुसत्या सपाट करून भागत नाही. त्या रेषेखाली नुसतं रेझिन असतं, काचेचे धागे कमी, कधी पोकळीही. तिथे उथळ चर काढून फायबर मिसळलेली पुट्टी भरा, नाहीतर दोन-तीन उन्हाळ्यांनी तीच रेषा रंगातून डोकावेल.

कड कमी पडते तिथे ती वाढवायची असते, आणि या कामात मला सगळ्यात जास्त आनंद आहे. दरवाजाची मागची कड भरायची आहे असं धरू. समोरच्या, म्हणजे मडगार्डच्या कडेवर पॅकिंगची गुळगुळीत पारदर्शक टेप लावा, तिच्यावर मेणाचा हात फिरवा. दरवाजाची कड ४० नंबरच्या पेपरनं खरखरीत करा, आतल्या बाजूलाही पाव इंच. मग फायबर मिसळलेली पुट्टी कालवून कडेवर थोडी जास्तच लावा, आणि दरवाजा बंद करा. पुट्टी दाबली जाऊन फट पूर्ण भरते. ती घट्ट चीजसारखी झाली की, पूर्ण दगड होण्याआधी, बाहेर आलेली पुट्टी सुरीनं छाटा आणि दरवाजा उघडा. टेपमुळे ती मडगार्डला चिकटत नाही. आता दरवाजाला मडगार्डचा हुबेहूब ठसा मिळालाय, पण फट शून्य आहे.

फट काढायला रंग ढवळायच्या पट्टीसारखी सरळ, चार मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी घ्या. तिच्या एका अंगाला ८० नंबरचा पेपर चिकटवा, दुसरं अंग गुळगुळीत ठेवा. ही पट्टी बंद दरवाजाच्या फटीत वर-खाली चालवायची. गुळगुळीत अंग चांगल्या कडेवरून सरकतं, खरखरीत अंग फक्त नव्या पुट्टीला खातं. (सुरुवातीला पट्टी आत शिरावी म्हणून हॅकसॉच्या पात्यानं एक रेघ ओढून घ्यावी लागते.) पट्टी मोकळी फिरायला लागली की फट वरपासून खालपर्यंत तितक्याच जाडीची झालेली असते. मग दोन्ही अंगांना पेपर लावलेली पट्टी एकदा फिरवून शेवटचा हात द्या. डोळ्यांच्या अंदाजानं घासलेली कड आणि अशा पट्टीनं काढलेली कड शेजारी ठेवली तर फरक लहान मूलही सांगेल. शेवटी कडेचा कोन हलकासा गोल करा, दीड-दोन मिलिमीटर. धारदार कडेवर रंग टिकत नाही.

पुट्टी किती जाड चालते हे विचारतात. फायबर मिसळलेली पुट्टी कडेवर पाच-सहा मिलिमीटरपर्यंत टिकते. त्याहून जास्त लागत असेल तर रेझिन आणि काचेच्या धाग्यांचे थर देऊन कड वाढवा. नेहमीची मऊ पुट्टी कडांवर अजिबात नको, ती पृष्ठभागाच्या बारीक खड्ड्यांसाठी असते. दरवाजा चार वेळा जोरात लागला की कडेवरची मऊ पुट्टी कपची होऊन उडते.

या धुळीबद्दल गंभीरपणे सांगतो. फायबरची धूळ कापडी रुमालानं थांबत नाही. अमेरिकेत पी-१००, इंग्लंडमध्ये पी-३ दर्जाचे फिल्टर असलेला मास्क, बंद गॉगल, पूर्ण बाह्यांचा टाकाऊ सूट. घासताना व्हॅक्यूम जोडलेला ठेवा, मुलांना गॅरेजबाहेर ठेवा, आणि त्या कपड्यांनी घरात जाऊ नका. रेझिनमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. त्यासाठी गॉगलला पर्याय नाही. आणि दोन घटकांच्या रंगातले आयसोसायनेट फुप्फुसाला इतके घातक आहेत की बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बूथ नसेल तर रंग व्यावसायिक पेंटरकडेच द्या.

केटरहॅमसारख्या गाड्या

इथे बॉडीचा बराचसा भाग ॲल्युमिनियमचा, चॅसीला रिव्हेटनं बसवलेला येतो. तुमच्याकडे उरतात नाकाचा भाग, मडगार्ड आणि बॉनेट. फटी कमी, भोकं जास्त. जेलकोटवर भोक पाडताना टेप लावा, टेपवर खूण करा, आणि ड्रिल आधी उलट फिरवून जेलकोटमधून न्या, मग सुलट. कपची उडत नाही. भोक बोल्टपेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठं ठेवा आणि दोन्ही बाजूंना रुंद वायसर, बाहेरच्या बाजूला रबराचं. ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना उघडे भिडू देऊ नका, मध्ये सीलंट हवंच, नाहीतर इंग्लंडच्या ओल्या हिवाळ्यात ॲल्युमिनियम पांढरं पडून खायला लागतं.

इंग्लंडमध्ये गाडी रस्त्यावर येण्याआधी आयव्हीए चाचणी द्यावी लागते. हाताला किंवा पादचाऱ्याला लागू शकतील अशा बाहेरच्या कडांना किमान २.५ मिलिमीटरची गोलाई असावी लागते, आणि चांगल्या बांधलेल्या गाड्याही इथे अडकतात. मडगार्डची कड, आरशाचा दांडा, बोल्टचं डोकं, हे सगळं चाचणीआधी रेडियस गेजनं स्वतः तपासा. कडेवर बसवायची रबरी पट्टी आधीच ठरवली असेल तर तिच्यासाठी फटीत जागाही ठेवता येते.

पेंटरकडे जाताना

जुळवलेलं सगळं आता सुटं करावं लागणार. त्याआधी प्रत्येक बिजागरीच्या पानातून आणि तिच्या मागच्या खांबातून तीन मिलिमीटरचं एकेक आरपार भोक पाडा, प्रत्येक बिजागरीला दोन. परत बसवताना या भोकांत ड्रिल बिट घातलं की बिजागरी पूर्वीच्या जागी येते, मग बोल्ट आवळायचे. पॅकिंग त्या-त्या बिजागरीच्या नावाच्या पाकिटात ठेवा आणि टेपवर लिहिलेल्या फटींचे फोटो काढा. पेंटरला आधीच सांगा की कडा पुन्हा घासायच्या नाहीत. धातूची चमक असलेला रंग असेल तर दरवाजे, बॉनेट आणि डिकी गाडीवर ज्या स्थितीत असतात त्याच स्थितीत धरून रंगवायला सांगा. आडवं ठेवून रंगवलेल्या पॅनेलवर चमकीचे कण वेगळे बसतात आणि शेजारी लावल्यावर रंगछटा निराळी दिसते.

रंगून आल्यावर सगळ्या कडांना दोन पदरी टेप लावूनच पॅनेलं चढवा, दोघांनी मिळून. सील आणि बिजागऱ्या नव्यानं बसायला पहिले काही शे किलोमीटर लागतात, तेवढ्यात दरवाजा मिलिमीटरभर उतरू शकतो. तेव्हा पाच मिलिमीटरची नाही, सव्वाचार मिलिमीटरची बिट घेऊन फटी पुन्हा मोजा, स्ट्रायकरवर घासल्याच्या खुणा बघा, आणि गरज पडली तर खालच्या बिजागरीमागे अर्ध्या मिलिमीटरचं एक पॅकिंग घाला. जास्तीची दोन-चार पॅकिंग डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीत असू द्या.